माडाचे दोन वैरी
(गावातील वाचनवर्गापुढे केलेले भाषण)



दिवसभर वाडीत राबायचे आणि रात्री पुस्तक हाती धरायचे, हे सोपे काम नाही. तरी तुम्ही सगळे आलात. म्हणून मी लांबण लावणार नाही. आपल्या रोजच्या कामाची एक गोष्ट सांगणार आहे. ही गोष्ट आहे माडाची, आणि माडाच्या दोन वैऱ्यांची.

माड आपल्याला काय देतो, हे मी तुम्हाला काय सांगणार? शहाळे, नारळ, तेल, काथ्या, झाप, हिरांचा खराटा, चुलीला जळण. माडाचे काही म्हणता काही वाया जात नाही. पण माड वाढवायला धीर लागतो. आपला बाणवली माड लावला, तर पहिला नारळ दिसायला सहा-सात वर्षे जातात. मात्र एकदा धरला, की तो माणसाच्या आयुष्याएवढे आयुष्य देतो. आजोबाने लावावा आणि नातवाने नारळ काढावेत, असे हे झाड आहे.

असा माड एका बोटभर किड्याने मरावा, हे खरे वाटत नाही. पण मरतो. माझ्या डोळ्यांसमोर मेला. का मरतो, ते आधी समजून घेऊ.

आंब्याची एक फांदी मोडली तर काय होते? शेजारून दुसरी फुटते. खोडाला घाव बसला तर साल हळूहळू वाढते आणि घाव भरून येतो. माडाचे तसे नाही. माडाला फांद्या नाहीत. शेंड्यात एकच कोंब असतो. त्या कोंबातून साधारण महिन्याला एक झावळ बाहेर येते. तो कोंब मेला, की माड मेला. दुसरा कोंब फुटत नाही. आणि माडाच्या खोडाला आंब्यासारखी साल नाही. त्यामुळे खोडावर एकदा घाव बसला, की तो कायमचा. आज मारलेली खाच वीस वर्षांनीही तशीच दिसेल. या दोन गोष्टी लक्षात ठेवा. माडाला कोंब एकच, आणि माडाची जखम भरत नाही.

आता वैऱ्यांची ओळख करून देतो.

पहिला वैरी गेंड्या भुंगा. हा काळा, चकचकीत, अंगाने दणकट असतो. लांबी दीड ते दोन इंच. डोक्यावर गेंड्यासारखे एक शिंग असते, म्हणून हे नाव. हा रात्री उडतो. माडाच्या शेंड्यात शिरतो आणि न उघडलेला कोवळा कोंब पोखरतो. आत रस पितो, चघळलेला भुसा बाहेर टाकतो. पुढे ती झावळ उघडली, की कात्रीने कापल्यासारखी दिसते. पंख्याला कोणी तिरके काप दिले असावेत, अशी. तुम्ही सगळ्यांनी अशा झावळ्या पाहिल्या आहेत. पुष्कळ लोकांना वाटते, वाऱ्याने फाटल्या. वारा असा सरळ काप देत नाही. तो भुंग्याचा दाखला आहे.

दुसरा वैरी सोंड्या भुंगा. हा तांबूस तपकिरी रंगाचा. लांबी सव्वा ते दीड इंच. तोंडापुढे लांब, वाकडी सोंड असते. पाठीवर काळे ठिपके असतात. हा दिसायला गेंड्यापेक्षा लहान, पण घातकी जास्त. याची मादी माडाची जखम शोधत फिरते. ओल्या जखमेचा वास तिला लांबून येतो. त्या जखमेत ती अंडी घालते. एक मादी दोनशेवर अंडी घालू शकते. तीन-चार दिवसांत अंड्यांतून अळ्या निघतात आणि माडाचा आतला मऊ गाभा खाऊ लागतात. दीड-दोन महिने त्या नुसत्या खात असतात. मग माडाच्याच धाग्यांचा कोष विणून त्यात बसतात. दोन-तीन आठवड्यांनी कोषातून नवा भुंगा निघतो. तो त्याच माडात पुन्हा अंडी घालतो, नाहीतर शेजारच्या माडावर जातो. पाच ते वीस वर्षांच्या माडांना हा जास्त लागतो. म्हणजे नेमके जे माड आता नारळ देऊ लागले, त्यांना.

दोघांत एक गंमत बघा. गेंड्याची अळी कुठे वाढते? शेणखताच्या खड्ड्यात आणि कुजलेल्या खोडात. ती माड खात नाही. तिचा मोठा भुंगा माड खातो. सोंड्याचे उलटे आहे. त्याचा मोठा भुंगा फारसे नुकसान करत नाही. त्याची अळी माड मारते. खतात पांढरी, वाकडी, जाड अळी दिसली आणि तिला पुढे सहा पाय असले, तर ती गेंड्या कुळातली समजा. माडाच्या खोडात सापडलेल्या अळीला पाय नसले, तर ती सोंड्याची.

आणि हे दोघे एकमेकांना मदत करतात. गेंड्या शेंड्याला भोक पाडतो. त्या भोकातून सोंड्या आत जातो. एक दार फोडतो, दुसरा घर लुटतो.

पण मंडळी, दार नेहमी गेंड्याच फोडतो असे नाही. बऱ्याच वेळा दार आपणच उघडून देतो. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. ते माझ्या हातून झाले आहे.

३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ आपल्या किनाऱ्यावर आले. श्रीवर्धन, दिवेआगर, मुरूड, इकडे दापोली, मंडणगड. नारळीपोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. माझ्या वडिलांच्या हातचे दोन जुने माड त्या दिवशी पडले. घराचे छप्पर उडालेले. त्या वेळी पडलेल्या खोडांकडे कोण बघणार? ती दोन्ही खोडे मी वाडीच्या कडेला, खताच्या खड्ड्याशेजारी लोटून दिली. तिथेच ती कुजत पडली.

माझी मुलगी झाली, तेव्हा तिच्या नावाने मी एक माड लावला होता. तो आता बारा वर्षांचा झाला होता. चांगला भरून लागत होता. दुसऱ्या वर्षी त्याच्या झावळ्यांवर काप दिसू लागले. मी म्हटले, असेल काहीतरी. मग गणपती आले. पाहुणे येणार, वाडी स्वच्छ दिसावी, म्हणून मी कोयता घेतला आणि खालच्या हिरव्या झावळ्या खोडाला अगदी लागून तासून टाकल्या. माड कसा गुळगुळीत, देखणा दिसू लागला. शेजारी म्हणाले, "वा, काय साफ केलंस!" मलाही बरे वाटले.

ते देखणेपण महागात पडले. प्रत्येक झावळीच्या जागी एक ओली जखम झाली होती. सोंड्याला मी एकदम चार-पाच दारे उघडून दिली.

उन्हाळ्यात मधल्या झावळ्या पिवळ्या पडू लागल्या. मी पाणी वाढवले, खत घातले. मे महिन्यात एक दिवस शेंडा कलला. चार दिवसांनी तो तुटून खाली पडला. आत बघतो तर नुसता चोथा, आणि आंबल्यासारखा घाण वास.

शेंडा गेला, खोड उभे राहिले. लोक म्हणाले, तोडून टाक. पण माझा हात होईना. मुलीचा माड होता. मी म्हटले, राहू दे उभा. आठवण म्हणून राहू दे.

माझ्या कुंपणापलीकडे आमची काकी राहते. एकटी बाई. तिचे सात माड. त्या सात माडांवर तिचा मीठमिरचीचा खर्च आणि औषधपाणी चालते. दिवाळीच्या सुमारास तिने मला हाक मारली. म्हणाली, "अरे, माझा कोपऱ्यातला माड पिवळा पडतोय. बघ जरा." मी वर पाहिले आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तोच रंग, तीच कळा. पण मी काय म्हणालो? "काकी, उन्हाने असेल. पाणी घाला."

मी असे का म्हणालो? मला लाज वाटली. आपल्या वाडीला कीड लागली, हे चारचौघांत कसे सांगायचे? आपला आळस, आपले अज्ञान उघडे पडेल. म्हणून मी गप्प बसलो.

काकीचे तीन माड गेले. सातांतले तीन. शेवटी कृषी खात्याचा एक माणूस वाडी बघायला आला. काकीचे माड बघून झाल्यावर त्याने माझे उभे खोड पाहिले. त्यावर भोके होती आणि तपकिरी रस वाळून चिकटला होता. त्याने ते तोडायला लावले आणि उभे चिरले. आत धाग्यांचे कोषच कोष. मोठी टोपली भरली. त्यांतले बहुतेक रिकामे होते. तो म्हणाला, "हे रिकामे कोष म्हणजे उडून गेलेले भुंगे. ते कुठे गेले, ते आता शोधायला नको."

मी काकीकडे गेलो आणि सगळे सांगितले. ती ऐकून घेत होती. मग एवढेच म्हणाली, "भुंग्याचं काय रे, त्याचा तो धर्मच आहे. पण तुझा माड असाच गेला होता. मी विचारलं तेव्हा तू बोलला असतास, तर दोन तरी वाचले असते."

मंडळी, तेव्हापासून मी जिथे चार माणसे जमतात, तिथे ही गोष्ट सांगतो. लाज वाटायचे कारण कीड लागणे हे नाही. कीड कोणालाही लागते. लपवून ठेवणे ही लाजेची गोष्ट आहे.

आता करायचे काय? हाताच्या पाच बोटांवर मोजा.

पहिले बोट. माडाला जखम करू नका. हिरवी झावळ तोडायची झाली, तर खोडाला लागून तोडू नका. हातभरापेक्षा जास्त, म्हणजे साधारण मीटरभर ते चार फूट देठ ठेवा. सोंड्या त्या कापात अंडी घालील, पण अळी खोडापर्यंत पोचायच्या आधी तो देठ वाळून जाईल. देठ वाळला, की आपोआप गळतो. चढायला खोडात खाचा पाडू नका. शिडी लावा किंवा चढायचे यंत्र वापरा. खोडाला खिळे ठोकू नका. चुकून घाव बसलाच, तर त्यावर लगेच डांबर लावा.

दुसरे बोट. गेंड्याचे पाळणाघर मोडा. खताचा खड्डा वरचेवर उपसा. अळ्या दिसल्या की वेचा. कोंबड्या सोडा, त्या आनंदाने खातात. मेटारायझियम नावाची एक हिरवी बुरशी मिळते. ती खतात मिसळली, की अळ्यांना रोग होऊन त्या मरतात. गुरांना, माणसांना तिचा त्रास नाही. पडलेली खोडे वाडीत कुजत ठेवू नका. ज्याच्या वाडीत कुजके खोड, त्याच्या वाडीत भुंग्यांचे बाळंतपण.

तिसरे बोट. शेंडा तपासा. नारळ काढायला वर गेलेल्या माणसाला सांगा, "नुसते नारळ पाडू नको, शेंडा पण बघ." ताजे भोक आणि भुसा दिसला, तर आत गेंड्या बसलेला असतो. तारेच्या आकड्याने त्याला ओढून काढायचा आणि मारायचा. मग कुटलेली निंबोळी पेंड पाव किलो आणि तेवढीच वाळू एकत्र करायची. ती शेंड्याजवळच्या आतल्या तीन झावळ्यांच्या बेचक्यांत भरायची. हे वर्षातून तीनदा करायचे. मे, सप्टेंबर आणि डिसेंबर.

चौथे बोट. खोडाला कान लावा. हसू नका, मी खरेच सांगतो. वारा नसताना, शांत वेळी खोडाला कान लावला, तर आत अळ्या कुरतडल्याचा आवाज येतो. खोडावर भोके, तपकिरी रस, चावलेला चोथा, मधल्या झावळ्यांचा पिवळेपणा, यांतले एक जरी दिसले तरी थांबू नका. लवकर कळले तर माड वाचतो. भोकातून औषध घालून बाकीची भोके बंद करायची असतात. कोणते औषध, किती आणि कसे, हे कृषी खात्याच्या माणसाला विचारूनच करा. औषध घालण्याआधी तयार नारळ काढून घ्या. पुढचे नारळ किती दिवस काढायचे नाहीत, हेही विचारून घ्या. रत्नागिरीजवळ भाट्ये येथे नारळाचे संशोधन केंद्र आहे. तिथेही सल्ला मिळतो.

पाचवे बोट, आणि हे अंगठ्यासारखे महत्त्वाचे. मेलेला माड उभा ठेवू नका. तो कोणाच्याही नावाचा असो. शेंडा गेला की बुंध्यापासून तोडा. ओले खोड जळत नाही, म्हणून ते उभे चिरा. अळ्या आणि कोष वेचून मारा. मग खोड वाळवून जाळा. हे काम त्याच आठवड्यात करा. कारण कोषातून भुंगा निघायला दोन-तीन आठवडेच लागतात. तो तुमच्या सवडीची वाट बघत नाही.

आता एक युक्ती सांगतो. सोंड्याचा नर एक वास सोडतो. त्या वासाला नर आणि मादी दोघेही येतात. शास्त्रज्ञांनी १९९३ मध्ये तो वास ओळखला, आणि आता त्याची पुडी विकत मिळते. एका बादलीला बाजूने भोके पाडायची. आत पाणी, थोडा साबण आणि आंबवलेल्या फळांचे तुकडे घालायचे. वर ही पुडी टांगायची. भुंगे येतात आणि पाण्यात पडतात. याला गंधसापळा म्हणतात. एका हेक्टरला, म्हणजे अडीच एकरांना एक पुरतो.

आता तुम्हीच सांगा, अडीच एकरांची नारळाची वाडी आपल्यात कोणाची आहे? कोणाची दहा गुंठे, कोणाची पाच. माझ्या दहा गुंठ्यांत मी सापळा लावला, तर त्यात भुंगे तुमच्याही वाडीतले येणार. आणि मी तो आठवडाभर साफ केला नाही, पाणी आटू दिले, तर आलेले भुंगे माझ्याच नव्हे, तुमच्याही माडांवर जाणार. म्हणजे सापळा एकट्याचा असून चालत नाही. सगळ्यांनी मिळून घ्यायचा, कोवळ्या माडांपासून दूर लावायचा, आणि दर आठवड्याला कोणी साफ करायचा त्याची पाळी लावायची. भुंग्याला कुंपण कळत नाही. मग आपण कुंपणाच्या आतच विचार करून कसे चालेल?

शेवटी एक सांगतो. तुम्ही आता लिहावाचायला शिकला आहात. त्या विद्येचा उपयोग इथेच करा. एक वही घाला. वाडीतल्या प्रत्येक माडाला नंबर द्या. नंबर रंगाने घाला, खिळ्याने पाटी ठोकू नका! वहीत लिहा: माड नंबर तीन, झावळीला काप दिसले, तारीख अमुक. माड नंबर पाच, पेंड भरली, तारीख तमुक. औषधाच्या बाटलीवरचा कागद स्वतः वाचा. दुकानदार सांगेल ते ऐका, पण कागदावर काय छापले आहे तेही बघा. पूर्वी आपण दुसऱ्याच्या तोंडाकडे बघत होतो. आता तसे नको.

आमच्या वाडीत आता पंधरा घरांची मिळून एक वही आहे. ती काकीच्या ओटीवर असते. काकी आधी अंगठा करायची. मागच्या वर्षी ती या वर्गात बसली. आता दर रविवारी सापळ्यात किती भुंगे पडले, ते ती स्वतः लिहिते. कोणी पाळी चुकवली, तर त्याचे नावही लिहिते. त्यामुळे पाळी कोणी चुकवत नाही.

तिच्या गेलेल्या तीन माडांच्या जागी मी तीन रोपे लावून दिली आहेत. त्यांना नारळ धरायला अजून वर्षे जातील. काकी म्हणते, "मी काय खाणार त्यांचे नारळ?" पण पाणी रोज तीच घालते. माझ्या मुलीच्या माडाच्या जागीही एक रोप उभे आहे.

तेव्हा उद्या सकाळी उठलात, की आपल्या वाडीत एक फेरी मारा. मान वर करून शेंडे बघा. खोडाला कान लावा. आणि काही दिसले, ऐकू आले, तर लपवू नका. आधी शेजाऱ्याला हाक मारा.